शिंगाचं तोंड

प्रिय पिपाणे,

सगळ्यात आधी आला तो ढोलवाला, आणि तोही मागच्या दाराने. पुढचं दार सताड उघडं होतं, दारातच खुर्ची टाकून मी मटार सोलत बसले होते, तरी हा पठ्ठ्या गल्लीला वळसा घालून, वाळत घातलेल्या कपड्यांखालून वाकत स्वयंपाकघरात शिरला. म्हणजे आधी माझी ओली चादर आत आली आणि चादरीच्या आत तो. मी म्हटलं, "मेल्या, चोरायचीच होती तर निदान वाळू तरी द्यायचीस." तर चादरीतूनच म्हणतो कसा, "आजी, मास्तर आणि तो पुढनं येतायत. मला म्हणाले, तू आधी जा आणि म्हातारीचा रागरंग बघून ये. आहे का राग?" त्या माणसाच्या पोटात जेवण सोडून काही राहत नाही, तुला माहीतच आहे. एवढं लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

मी म्हटलं, राग कसला? किती दिवसांनी घरात माणसं येतायत! आणि खरंच मला आनंद झाला होता गं. तुझा बाप सकाळी कामावर जातो तो संध्याकाळी येतो, आला की टीव्हीतल्या माणसांशी भांडत बसतो, माझ्याशी भांडायला त्याला सवड नाही. शेजारीण आहे, पण तिला ऐकू येत नाही, त्यामुळे तिच्या कानात एक गोष्ट सांगायची म्हणजे ती सगळ्या गल्लीला सांगावी लागते. तू तर फोनच उचलत नाहीस. उचललास तर "मजेत आहे आजी, गिऱ्हाईक आलंय" म्हणून ठेवतेस. म्हणून हे पत्र. माझं अक्षर कोंबडी नाचल्यासारखं आहे, शाळा माझी अर्ध्यावर सुटली, तेव्हा जिथे लागणार नाही तिथे अंदाजाने वाच. पत्र काही गिऱ्हाईक आलं म्हणून बंद पडत नाही.

तर पुढनं आले बँडचे मास्तर. भर दुपारी, कार्यक्रम नाही काही नाही, तरी पितळी बटणांचा तो लाल डगला घालून. पोट आता बटणांच्या बाहेर पडायला निघालंय. "वहिनी, कशा आहात?" म्हणाले. मी म्हटलं, "जिवंत आहे भावोजी, तुमची निराशा झाली असेल तर पुढच्या वर्षी बघू." आणि त्यांच्या मागे, दाराच्या चौकटीला टेकून, तुझा तो राजबिंडा. हो, तोच. दुकानात वाचत असशील तर पत्र घडी करून ठेव आणि खोलीवर जाऊन वाच.

राजबिंड्याने एवढ्या उन्हात मफलर नाकापर्यंत ओढला होता. मी म्हटलं, दाढ दुखतेय का रे? तर म्हणाला, "नाही आजी, ओठ." आणि मफलर खाली केला. पिपाणे, काय सांगू तुला! वरच्या ओठाच्या मधोमध एक गाठ आलीय. मी हातातला मटार तिच्याशेजारी धरून बघितला, अगदी मापाचा. ढोलवाला एवढा हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. झालंय असं की वरचे सूर लागेनात म्हणून हा ट्रम्पेट ओठावर दाबत गेला, दाबला म्हणून ओठ सुजला, सुजला म्हणून आणखी दाबला. मागच्या महिन्यात बागेतल्या मंडपात वाजवताना त्याचा सूर असा फाटला की पहिल्या रांगेतलं तान्हं बाळ रडायला लागलं. आणि लोकांना बाळाचा सूर जास्त बरा वाटला. हे मी नाही म्हणत, ढोलवाला म्हणाला, त्याच्या तोंडावर.

आता बँडच्या कमिटीने हुकूम काढलाय. येत्या रविवारी मंडपात ट्रम्पेटच्या पहिल्या खुर्चीसाठी पुन्हा वाजवून घेणार. कोणीही यावं, वाजवावं, जो नीट वाजवील त्याची खुर्ची. म्हणून हे तिघं आले होते. कशासाठी आले असतील सांग बघू? माझ्या तब्येतीसाठी नव्हे. तुझ्या आजोबांच्या पेटीसाठी.

तुला माहीत आहे, तरी मला सांगायला आवडतं म्हणून सांगते. तुझे आजोबा ट्रम्पेटच्या माउथपीसला कधी माउथपीस म्हणाले नाहीत. ते म्हणायचे तोंड. "वाजंत्र्याचं वाद्य कारखान्यात होतं, तोंड त्याच्या मापाचं करावं लागतं," असं म्हणायचे. दिवसभर लोकांच्या ट्रम्पेटचे पोचे काढायचे आणि काम संपलं की मागच्या खोलीत लेथ लावून आपली तोंडं कातत बसायचे. जे हाती लागेल त्याचं. खुर्चीच्या पायाचं एक केलं, ती तीन पायांची खुर्ची अजून माळ्यावर आहे. जाड काचेचं एक, शिशाचं एक, नळाच्या तोटीचं एक. आणि ते चौकोनी! कोपऱ्यावरचा सुतार म्हणाला होता, कड गोलच कशाला पाहिजे, चौकोनी केली तर काय बिघडलं. आजोबा त्यावर दोन दिवस जेवायला बोलावलं तरी उठेनात. आणि प्रत्येक तोंडाला पहिला ओठ लागायचा तो माझा. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, नवरा इतका जवळ येऊन ओठांकडे बघतोय म्हणजे काहीतरी प्रेमाचं बोलणार. तर म्हणाले, "तुझा खालचा ओठ जाड आहे, उपयोगी पडेल." मला एकच सूर वाजवता येतो. पण तोंड चांगलं की वाईट ते माझ्या त्या एका सुरावर ठरायचं.

तर मी पेटी काढली. टेबलावर जुनी चादर अंथरली आणि सगळी तोंडं ओळीने मांडली. राजबिंड्याने स्वतःचा ट्रम्पेट आणलाच होता. मग जी धमाल सुरू झाली ती तू बघायला हवी होतीस. लाकडाचं लावलं तर कोणीतरी उशीत तोंड खुपसून रडतंय असा आवाज. काचेचं लावलं, ते आधीच गुळगुळीत, त्यात तो घामाने डबडबलेला, सूर घ्यायला गेला आणि तोंड घसरून थेट गालावर. शिशाचं इतकं जड की ट्रम्पेटने मान टाकली. चौकोनी काढलं तर ओठांभोवती चौकोन उमटलेला, जशी चेहऱ्याला खिडकीच बसवलीय. मी म्हटलं, "पडदा लावून देऊ का रे?" मास्तरांनाही मग राहवेना. त्यांनी नळाच्या तोटीचं घेतलं आणि गाल फुगवून असा काही जोर केला की वरची कवळी सुटली आणि आतल्या आत खडखड वाजली. ढोलवाला म्हणाला, "मास्तर, हा ताल मला शिकवा." माझ्या पोटात दुखायला लागलं हसून. शेजारीणसुद्धा खिडकीत येऊन उभी राहिली. तिला ऐकू येत नाही, पण मास्तरांचे गाल दिसत होते.

असं सगळं हसतखेळत चाललेलं असताना राजबिंड्याने रुमालाने ओठ टिपला आणि हळूच विचारलं, "आजी, यात ते शिंगाचं नाही?"

मी त्याच्याकडे बघितलं. शिंगाच्या तोंडाबद्दल घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. तुझ्या तोंडाला टाके पडले, पुढचा दात गेला, त्यानंतर आजोबांनी कातलेलं ते. तुझा ओठ कुठे शिवलाय ते त्यांनी तू झोपलेली असताना मेणावर दाबून घेतलं होतं, आणि कड तेवढ्या जागी रुंद आणि मऊ ठेवली होती. शेवटी शेवटी हात थरथरायचे त्यांचे, लेथवर मी त्यांचं मनगट धरून उभी राहायचे. त्यांच्या हातचं ते शेवटचं. तू ते बघितलंस, "नको आजोबा" म्हणालीस आणि भिंतीकडे तोंड केलंस. त्यानंतर ते गेले आणि तू बॅग भरलीस. म्हणजे शिंगाचं आहे, हे तूच त्याला सांगितलं असणार. पुरुषाला काय सांगावं आणि काय नाही, हे तुला कधी कळणार?

पण खरं सांगू? मी ते त्याला देणार होते. पेटीतून आधीच काढून खिशात ठेवलं होतं, शेवटी देऊ, पोराचा चेहरा खुलेल, म्हणून. तुझं तोंड सुजलं होतं तेव्हा तो रोज संत्री घेऊन यायचा. तुला पाणीसुद्धा चमच्याने पाजावं लागत होतं, त्यामुळे ती सगळी संत्री मी खाल्ली. चांगली गोड असायची. नंतर तो तुझ्या खुर्चीवर बसला तेव्हाही मी म्हटलं, कुणीतरी बसणारच, परक्यापेक्षा हा बरा. माझा हात खिशात होता, पिपाणे. बोटांत शिंगाचं तोंड होतं.

मी म्हटलं, "आधी काचेचं पुन्हा एकदा लाव बघू, ओठ कसा बसतो ते मला बघू दे, मग शिंगाचं बघू." तो वाजवायला लागला. मी चहाचा ट्रे घेऊन त्याच्या समोरून निघाले, ओठ नीट दिसावा म्हणून जरा वाकले, तसा तो झटकन मागे सरला आणि ट्रम्पेटच्या पुढच्या कर्ण्यावर हात धरला. तू सांगायचीस ना, वाजवणाऱ्याच्या कर्ण्याला समोरून नुसता धक्का लागला तरी तोंड सरळ दातांवर आपटतं? ढोलवाल्याच्या तोंडात बिस्कीट होतं. तो बिस्किटासकट म्हणाला, "अरे घाबरतोस काय? कर्ण्याला धक्का द्यायची खोड तुझी आहे, आजींची नाही. एकदा पोरीचा दात पाडलास ते पुरे झा..." आणि मग त्याने बिस्कीट गिळलं.

मास्तर डगल्याचं एक बटण बोटाने पुसत बसले.

तू काय सांगितलं होतंस आम्हाला? तालमीच्या खोलीच्या जिन्यावरून पडले, ट्रम्पेट तोंडाशी होता. पिपाणे, त्या जिन्याला मी दोन वर्षं शिव्या घातल्या. मास्तरांच्या मागे लागून लागून, पोराबाळांचा जीव जाईल म्हणून, मी त्याला लोखंडी कठडा बसवायला लावला. आणि मास्तरांनी बसवला! सगळं ठाऊक असताना, निमूट, रंग देऊन! मला कठडा दाखवायला रिक्षाने घेऊन गेले होते, मी त्याला धरून वरखाली करून बघितलं आणि त्यांना म्हटलं, देव तुमचं भलं करो.

तुला वाटत असेल, आजीने ट्रे आपटला असेल, रडली असेल. छे. मी चहा ओतला. एक थेंब बशीत सांडला नाही. मग राजबिंड्याला म्हटलं, "गंमत केली होतीस होय रे?" तो म्हणाला, "आजी, गंमतच होती. बँडमध्ये सगळे करतात. ती तो वरचा सूर लांबवत होती, संपवायलाच तयार नव्हती, सगळे तिच्याकडेच बघत होते. मी नुसतं बोट लावलं." मी ढोलवाल्याकडे बघितलं. तो बिचारा छताकडे बघत म्हणाला, "तळहात." मी म्हटलं, "असू दे, असू दे. लहान होतात." साखर किती, तेही विचारलं. दोन चमचे घेतो अजून.

आणि मग मी खिशातून हात काढला, मोकळा. पेटीच्या तळाशी कापडात गुंडाळलेलं एक तोंड होतं, ते काढून त्याच्यापुढे ठेवलं. आठवतं तुला? तू लहान असताना त्याला हात लावलास म्हणून आजोबांनी तुझ्या पाठीत धपाटा घातला होता, आयुष्यातला एकुलता एक. सुरीचं तोंड म्हणायचे ते त्याला. आतली कड अशी धारेची की ओठ तिच्यावर ताणून बसतो आणि वरचा सूर एका फुंकरीत सुटतो. स्पर्धेला निघालेल्या एका वाजंत्र्याने हट्टाने करून घेतलं होतं. स्पर्धा जिंकला तो. पुढे त्याचा ओठ असा गेला की शिट्टीसुद्धा वाजेना, आणि त्याने ते स्वतः आणून परत दिलं.

राजबिंड्याने लावलं. काय सूर निघाला गं! महिन्याभरात लागला नव्हता तो सूर असा स्वच्छ निघाला की शेजारणीने मान वळवली. म्हणजे बघ! पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजी, हेच! हेच पाहिजे होतं!" माझा हात हातात घेतला. मी म्हटलं, घेऊन जा बाळा, तुझंच समज. सकाळ-संध्याकाळ वाजव. दाबून वाजव, हलक्या हाताने काही होत नाही. हुळहुळलं तर समज ओठ घडतोय. रक्ताची चव आली तर समज आता बसलं. आणि मध्ये सोडू नकोस हं, सोडलंस तर सगळी मेहनत फुकट.

मास्तरांनी ते तोंड ओळखलं होतं. त्या स्पर्धेवाल्याच्या शेजारी बसून वाजवलंय त्यांनी. ते खुर्चीत पुढे सरकले, काहीतरी बोलायला ओठ उघडले. मी म्हटलं, "भावोजी, कठडा काय सुरेख बसवलात हो, अजून हलत नाही." त्यांनी ओठ मिटले आणि कवळी नीट केली. जाताना तिघांनीही कपबशा उचलून मोरीत ठेवल्या. संस्कार चांगले आहेत. मी दारात उभी राहून हात हलवला, आणि आत येऊन सगळा मटार एका बैठकीत सोलून टाकला, गाणं म्हणत.

आता तू म्हणशील, आजी किती दुष्ट आहे. आहेच. पण तुझ्याइतकी नाही. मी निदान परक्याच्या पोरावर दुष्टपणा केला, तू स्वतःवर केलास. गप्प राहून तुला काय मिळालं ते एकदा मोज. त्याला खुर्ची मिळाली, जिन्याला कठडा मिळाला, मला संत्री मिळाली, आणि तू कुठल्या तरी परक्या शहरात लोकांच्या शर्टांच्या घड्या घालतेस. तुझा बाप सांगत होता, घड्या छान घालतेस म्हणे, मालक खूश आहे. आजोबांना हे सांगायला हवं होतं, त्यांनी उगाच थरथरत्या हाताने शिंग कातलं. आणि दात तर दिसतही नाही गं खोटा. लाजायला तुझ्याकडे दुसरं काही असेल तर सांग. तुझ्यामागे त्याने वाजवलेले सगळे सूर मी बागेच्या बाकावर बसून ऐकलेत. तू तो वरचा सूर संपवत नव्हतीस ना, त्याने तळहात मारला तेव्हा? तो सूर अजून संपलेला नाही, तिथेच लोंबकळतोय, आणि रविवारी मंडपात कोणीतरी तो घेणार आहे.

आज सकाळी तुझा बाप गेल्यावर मी शिंगाचं तोंड आजोबांच्या जुन्या ट्रम्पेटला लावून माझा तो एक सूर वाजवला. गरम निघाला. ओठावर काही बोचलं नाही. मी हे पत्र लिहितेय ते एवढ्यासाठी की हे तोंड मी तुला टपालाने पाठवणार नाही. ते माझ्या खिशात आहे. राजबिंड्याला मी दारातच सांगितलंय, शिंगाचं कुठेतरी माळ्यावर असेल, शोधून ठेवते, तू पुन्हा ये. आणि तोपर्यंत सुरीच्या तोंडाने त्याचा ओठ असा झालेला असेल की मऊ कडेशिवाय दुसरं काही त्याला सहनच होणार नाही. तुझ्या जखमेच्या मापाने कातलेलं त्याला बरोब्बर बसेल. त्याआधी तू दारात उभी असलीस तर ते तुझं. नसलीस तर मी माझ्या हाताने, चहाबरोबर, दोन चमचे साखर घालून, ते त्याला देणार आहे. आणि रविवारी बाकावर बसून टाळ्याही वाजवीन. तुझ्याशी मी खोटं बोलत नाही हे तुला माहीत आहे, आणि आता मी काय काय करू शकते तेही तुला कळलंय. आजोबांचा ट्रम्पेट मी चिंचेने घासून टेबलावर ठेवलाय. तिघंही नक्की येतो म्हणालेत, या शुक्रवारी, दुपारच्या चहाला.

तुझीच, एका सुराची,
आजी